माझ्या पीडीएफमधली पेशी

केमिस्ट्रीचा पेपर झाला आणि बायोच्या आधी मधे पाच दिवस मिळाले. पाच दिवस म्हणजे ऐकायला खूप वाटतात ना, पण तोपर्यंत आमची इतकी वाट लागलेली की त्यातला पहिला दिवस आम्ही नुसतं "उद्यापासून नीट बसू" असं बोलण्यातच घालवला. बारावीचं वर्ष. डोळे सतत चुरचुरायचे. मान डावीकडे वळायचीच नाही. माझ्या मधल्या बोटाला पेनचा घट्टा आलेला, तो दाबला की मला जांभई यायची, काय संबंध आहे माहीत नाही, पण यायची, आणि मी दर दहा मिनिटांनी तो दाबून बघायचे.

आम्ही तिघं होतो. खरी नावं नाही लिहीत, तशीही आम्ही ती कधी वापरली नाहीत. अकरावीच्या पहिल्या दिवशी कल्याणच्या क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना उभं करून विचारलेलं, कुठून येता. ज्याने जे सांगितलं तेच त्याचं नाव पडलं. मी डोंबिवली. तो शहाड. ती मोहने. माझ्या फोनमध्ये अजूनही तसंच सेव्ह आहे. एकदा माझ्या मम्मीने फोन उचलला आणि मला ओरडून सांगितलं, "अगं, मोहन्याहून फोन आहे!" जसं काही अख्खं गाव लाईनवर आहे.

अभ्यासाला आम्ही मोहन्याला जमायचो, तिच्या घराजवळच्या बुद्धविहारात. वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. फुकट, आणि शांत. लांब हॉल, वर पत्रा, दोन पंखे. एक पंखा जोरात केला की दुसरा आपोआप हळू व्हायचा, त्यामुळे कोण कुठे बसणार यावरून रोज भांडण. समोरच्या भिंतीजवळ एमपीएससीचा अभ्यास करणारे दादा आणि ताई बसायचे, ते आमच्याकडे असं बघायचे की जणू आम्ही पिकनिकला आलोय.

माझ्या घरी अभ्यास शक्यच नव्हता. दादाच्या मुलीला दात येत होते, ती दिवसभर रडायची आणि ती गप्प झाली की घरातले सगळे मिळून तिला हसवायचे. शहाडच्या घरी टीव्ही चोवीस तास चालू. म्हणून मी रोज दुपारी जेवून शहाडला उतरायचे, तिथून शहाडबरोबर शेअर रिक्षा, की मोहने. फेब्रुवारी संपत आलेला, पण ऊन असं की रिक्षाच्या सीटला हात लावला तर चटका बसायचा.

विहाराची देखरेख करणारे एक काका होते. पूर्वी कंपनीत होते, आता रिटायर. चाव्या त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "डोंबिवलीहून इथं अभ्यासाला? तिकडच्या लायब्ऱ्या संपल्या काय?"

"काका, तिकडे पैसे घेतात."

"आणि इथं काय घेतो आम्ही?"

"काय?"

"चपला. खाली ठेवून ये. वर घालून आलीयस."

तर विषय असा होता की मला आणि शहाडला बायोचं तसं काही पडलेलं नव्हतं. शहाडला डिप्लोमाला जायचं होतं, त्याचं सगळं मॅथ्सवर. मला बीएस्सी करायचं होतं, तिथे कुठेतरी मिळणारच होतं. पण मोहनेला नर्सिंगला जायचं होतं आणि त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून ठरावीक टक्के लागतात. फिजिक्स तिचं जेमतेम गेलेलं. केमिस्ट्रीच्या पेपरनंतर ती रिक्षात एक शब्द बोलली नव्हती. म्हणजे राहिलं काय, बायो.

तिची आई कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये मावशी आहे. हॉस्पिटलमध्ये मावशी म्हणजे काय हे ज्याला माहीत नसेल त्याला सांगते, साफसफाई करते, पेशंटची भांडी देते, चादरी बदलते, तिला सगळे मावशी म्हणतात. आणि नर्सला सिस्टर. काकू एकदा आम्हाला चहा द्यायला वर आलेल्या, ड्युटीवरून थेट, अजून साडीला तो फिनाईलचा वास. मोहनेच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी मावशी झाले, बास झालं. तू सिस्टर हो." ती म्हणाली, "आई, जा ना आता, सगळे बघतायत." खरंच सगळे बघत होते. एमपीएससीवाली एक ताई पण.

आणि दुसरीकडे मामा. मामा भिवंडीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. त्यांनी तिच्यासाठी पॅकिंगमध्ये शब्द टाकून ठेवलेला. पेपर संपले की लगेच जॉईन. घरात असं ठरलेलं की टक्के आले तर नर्सिंग, नाही आले तर भिवंडी. "एक वर्ष कर, मग बघू पुढचं," असं मामा म्हणालेले. मोहनेची मोठी चुलतबहीण असंच एक वर्षासाठी गेलेली, तिला आता चौथं वर्ष चालू होतं.

प्रिलिमला मोहनेला बायोमध्ये सत्तरपैकी एकोणीस आलेले.

हे कुणालाच समजत नव्हतं. कारण ती आमच्यातली सगळ्यात हुशार. दहावी मराठी मिडियममधून, विज्ञानात शाळेत पहिली. अख्ख्या वर्गात तिच्याइतका अभ्यास कुणी करत नव्हतं. मला एक्केचाळीस आलेले, आणि मी तर आदल्या दिवशी केस कापून घ्यायला गेलेले. ती एकोणीस बघून फक्त म्हणाली, "इंग्लिशमध्ये जमत नाय मला." पेपर हातात मिळाला तो तिने चार घड्या घालून बॅगेत टाकला आणि परत उघडला नाही. दोन महिने तो बॅगेच्या तळाशी होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचातल्या दुसऱ्या, आम्ही आमच्या पद्धतीने रिव्हिजन करत होतो. पद्धत अशी की एक जण पुस्तकातून प्रश्न विचारणार, एक उत्तर देणार, आणि तिसरा डोकं बाकावर टेकून दहा मिनिटं झोपणार. मग पाळी बदलायची. शहाड त्याच्या झोपेच्या पाळीला एकदम वक्तशीर होता. दुपारचे साडेतीन वाजलेले, पत्रा तापलेला, आणि माझी विचारायची पाळी. मला प्रश्न वाचताना शब्दच दिसत नव्हते, नुसत्या मुंग्या.

मोहनेला डोळ्याची आकृती काढून बघायची होती, कोरा कागद नव्हता, म्हणून तिने बॅगेतून तो प्रिलिमचा पेपर काढला. मागची दोन पानं कोरी होती. शहाडची झोप नेमकी तेव्हा संपली.

"ए, दे इकडे. बघू तरी सरांनी कुठे कुठे रक्त काढलंय."

"नको ना रे. ठेव ते."

"अगं बघू दे, मला पण तेवढाच कॉन्फिडन्स येईल."

त्याने ओढून घेतला आणि बातम्या देतात तशा आवाजात वाचायला लागला. श्वास कसा घेतो त्याचं उत्तर होतं. "ड्युरिंग इन्स्पिरेशन, द इंटरकोस्टल सेल्स कॉन्ट्रॅक्ट अँड..." मग थांबला. "भाई. सेल्स?"

"मग काय?"

"मसल्स ना. बरगड्यांच्या मधले मसल्स. सेल्स कुठून आले?"

"तेच लिहिलंय ना मी."

"सेल लिहिलंयस तू. हे बघ. लाल गोल. अजून एक लाल गोल." त्याने पान उलटलं. "हार्टच्या भिंतीत पण सेल. पॅपिलरी सेल. ए, तुझ्या हार्टला मसल नाहीच आहे का, नुसत्या सेलवर चालतंय? रिमोटसारखं?"

मला हसू आलं. खरंच आलं, मी खोटं नाही लिहिणार. मग त्याने खाली सरांनी लाल पेनने लिहिलेलं वाचलं, "सेल? पुस्तक वाचा." आणि माझं हसू तोंडातच राहिलं, कारण 'पॅपिलरी सेल' हे मी आधी कुठेतरी बघितलेलं. बघितलेलं नाही. टाईप केलेलं.

"पण मी असंच पाठ केलेलं," मोहने हळू आवाजात म्हणाली. "शब्दन् शब्द."

"कुठून?" शहाड.

तिने बॅगेकडे बघितलं. माझ्याकडे नाही. "नोट्समधून. माझ्याच चुकल्या असतील."

मी म्हटलं, "चला, चहा पिऊन येऊ."

आता पीडीएफचं सांगते. डिसेंबरमधली गोष्ट. मोहने घरी तिच्या भावाच्या फोनवर एका हिंदी सरांचे बायोचे व्हिडिओ बघायची. सर चांगलेच शिकवायचे, वर्गात जे डोक्यावरून जायचं ते तिथे कळायचं. ते ऐकून ती वहीत लिहायची, देवनागरीत, अर्धं मराठी अर्धं हिंदी. अक्षर असं की छापल्यासारखं. एक दिवस तिने मला विचारलं, "हे इंग्लिशमध्ये करून देशील? पेपर इंग्लिशमध्ये लिहायचाय ना. तू इंग्लिश मिडियमची."

आणि मी काय, मी लगेच हो. मला टाईप करायला आवडतंच. माझा स्पीड असा आहे की मैत्रिणी बोलून संपवायच्या आधी मी चॅटवर तेच दुसरीला सांगितलेलं असतं. तिने वहीचे फोटो पाठवले, मी पप्पांच्या लॅपटॉपवर दोन संध्याकाळी चार धडे टाईप केले, पहिल्या पानावर लाल हार्ट टाकलं, खाली "ऑल द बेस्ट गाईज" लिहिलं आणि पीडीएफ करून आमच्या ग्रुपवर. वर क्लासच्या ग्रुपवर पण. मला लोकांचे अंगठे आले, बदाम आले, एका मुलीने "क्वीन" लिहिलं. मी दोन दिवस हवेत.

मी स्वतः ती पीडीएफ कधी वाचली नाही. मी पुस्तकातून केलं. शहाडनेही उघडली नव्हती. मला आता वाटतं अख्ख्या क्लासमध्ये ती एकाच माणसाने वाचली, शब्दन् शब्द.

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या मी लॅपटॉप उघडला. भाची किंचाळत होती, मम्मी म्हणाली आधी जेव, मी म्हटलं थांब. एका बाजूला पीडीएफ, एका बाजूला वहीचे फोटो. आणि कळलं.

मराठी शाळेत पेशी म्हणजे सेल. आठवीपासून सगळ्यांना माहीत. पण हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे मसल! मांसपेशी, पेशी. ते सर व्हिडिओत 'पेशी' म्हणायचे, म्हणजे मसल, आणि ती ऐकायची तसं लिहायची, 'पेशी'. आणि जे धडे तिने शाळेच्या जुन्या पुस्तकावरून लिहिलेले त्यात 'पेशी' म्हणजे सेलच. एकाच वहीत दोन पेश्या. आणि मी काय केलेलं? मी सुरुवातीला 'पेशी' हा शब्द तसाच टाईप करून ठेवलेला, आणि शेवटी कंटाळा आला म्हणून एकदम सगळीकडे 'सेल' करून टाकला. एक बटण. रिप्लेस ऑल. श्वासाच्या धड्यात, हार्टच्या धड्यात, डोळ्याच्या, आणि बाळंतपणाच्या पण. माझ्या पीडीएफमध्ये गर्भाशयाच्या सेल कॉन्ट्रॅक्ट होऊन बाळ बाहेर येत होतं.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, चुकून झालं. पण बरगड्यांच्या पानाचा फोटो मी झूम केला. कडेला, समासात, पेन्सिलने अगदी बारीक लिहिलेलं होतं. "पेशी = स्नायू?"

तिला शंका आलेली. तिने विचारलेलं. आणि मला आठवलं की टाईप करताना मी ते वाचलेलं. स्नायू म्हणजे मसल हे मला माहीत आहे, कुणाला माहीत नसतं. पण मला वाटलं हे तिने तिच्यासाठी लिहिलंय, आणि मला तो धडा संपवायचा होता, कारण ग्रुपवर मी सांगितलेलं की आठ वाजता टाकते.

मी जेवले नाही. मम्मीला वाटलं टेन्शन. होतंच.

तिसऱ्या दिवशी मी ठरवून गेले की सांगायचं. आणि नाही सांगितलं. रिक्षात शहाड होता म्हणून नाही. मग वर हॉलमध्ये शांतता होती म्हणून नाही. मग ती डोळे मिटून हार्टचं उत्तर म्हणत होती, ओठ हलत होते, हातात माझ्या पीडीएफची झेरॉक्स, कोपरे मऊ पडलेले, हायलायटरने पिवळी केलेली. प्रत्येक 'सेल' पिवळा. पुस्तक तिच्या बाजूला होतं, पण पुस्तकातली वाक्यं लांब असतात, माझी छोटी होती, म्हणून ती परत परत माझ्याकडेच येत होती. मी बसून बघत होते आणि मला इतका थकवा आला की वाटलं असंच बाकावर डोकं ठेवावं आणि थेट जूनमध्ये उठावं.

काका खालून वर आले, खिडक्या उघडायला. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं डोंबिवली, चेहरा का असा? चपला चोरीला गेल्या?"

"नाही काका."

"मग कुणाच्या चोरल्यास?"

ते गंमत करत होते. मला रडायलाच आलं. शहाड घाबरला, म्हणाला, "ए, पेपर अजून परवाच्या पुढे आहे, आत्तापासून काय रडतेस." मोहनेने झेरॉक्स खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिनेच. मग मला सांगावंच लागलं.

मी सगळं एका दमात सांगितलं. हिंदी पेशी, मराठी पेशी, रिप्लेस ऑल. पेन्सिलचं पण सांगितलं, की मी बघितलेलं. शेवटी म्हटलं, "तुझ्या नोट्स बरोबर होत्या. मी चुकवल्या."

तिने हात पाठीवरून काढून घेतला. झेरॉक्स उचलली, पहिल्या पानापासून बघायला लागली, प्रत्येक पिवळ्यावर बोट ठेवून. समोरच्या पंख्याचा आवाज येत होता, खट, खट. शहाड म्हणाला, "मोहने..." तिने त्याला हाताने गप्प केलं.

मग म्हणाली, "मला वाटलेलं."

"काय?"

"की काहीतरी गडबड आहे. पेशी कशी काय आकुंचन पावेल एवढी की बरगडी उचलेल. मला वाटलेलं. पण तू सेल लिहिलंस. तू इंग्लिश मिडियमची. मला वाटलं तुला माहीत असणार."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज फक्त दमलेला होता. जसा काकूंचा ड्युटीवरून आल्यावर असतो.

शहाडने प्रिलिमचा पेपर घेतला आणि लाल गोलांचे मार्क मोजले. "अकरा," तो म्हणाला. "एकोणीस आणि अकरा तीस. आणि भाषेचे कापलेत ते वेगळे. ए, तू नापास नव्हतीसच. ही होती." आणि माझ्याकडे बोट. तो जोक करत होता आणि करत पण नव्हता.

"आता काय करायचं ते सांगा," मोहने म्हणाली. "रडून झालं असेल तर. अडीच दिवस आहेत."

तिने ठरवलं, आम्ही नुसतं ऐकलं. झेरॉक्स फेकायची नाही, कारण तिला पानांचे फोटो डोक्यात बसलेले, नवीन काही वाचलं तर सगळंच सांडेल. त्याच कागदावर, त्याच जागी, पेनने दुरुस्त करायचं. प्रत्येक पिवळा 'सेल' घ्यायचा आणि विचारायचं, हा आखडतो का? आखडत असेल तर स्नायू, मसल. नसेल तर पेशी, सेल. मी वाचायचं, तिने ठरवायचं, शहाडने पुस्तकात तपासायचं. झोपायची पाळी बंद.

"इंटरकोस्टल."

"आखडतो. मसल."

"रेड ब्लड."

"नाही. सेल."

"सिलिअरी. डोळ्यातलं."

ती थांबली. डोळे बारीक करून लांब खिडकीकडे बघितलं, मग जवळ पुस्तकाकडे. परत खिडकीकडे. "आखडतो. मसल."

"पुस्तकात मसल," शहाड. "बरोब्बर."

"हे काय आहे? तीन नंबरच्या पानावर. 'व्हाईट ब्लड कॅपिलरी'." मोहनेने विचारलं.

मी वहीचा फोटो बघितला. 'श्वेत रक्त कोशिका'. मी कोशिकेचं केशिका वाचलेलं. केशिका म्हणजे त्या बारीक रक्तवाहिन्या.

शहाडने हात जोडले. "देवी, तुझी पीडीएफ म्हणजे वेगळाच प्राणी आहे. याच्यावरच एक धडा पाहिजे."

मोहने हसली. पहिल्यांदा. पण माझ्याकडे बघून नाही.

संध्याकाळी हार्टच्या पानावर आम्ही अडकलो. शहाडने पुस्तकातून वाचलं, कार्डियाक मसल सेल. म्हणजे मसलची सेल. मराठीत स्नायूपेशी.

"म्हणजे दोन्ही?" मी विचारलं.

"आखडते पण, आणि पेशी पण आहे," शहाड म्हणाला. "आता काय लिहिणार? गेम."

आम्ही तिघं त्या एका शब्दाकडे किती वेळ बघत बसलो. डोकी बंद पडलेली. मग मोहनेला हसू यायला लागलं, आणि थांबेचना, तोंडावर ओढणी दाबून, खांदे हलत. मग शहाडला. मग मला पण, भीत भीत. एमपीएससीवाल्या ताईने मागे वळून "शू" केलं आणि मोहने हसता हसताच म्हणाली, "सॉरी ताई. हार्टचं जमत नाहीये." ती ताई पण हसली.

चौथा आणि पाचवा दिवस मला नीट आठवत नाही. एवढंच की आम्ही तेच चार धडे किती वेळा केले ते मोजणं सोडून दिलं, की माझा आवाज बसला, की काकूंनी पाठवलेले पोहे शहाडने दोघींच्या वाटणीचे खाल्ले. झेरॉक्स निळ्या पेनने भरून गेली. हात दुखायचे, पण मधेच कुणी दंडाला धरून "आई गं" केलं की तिघं एकदम म्हणायचो, "मसल." शेवटी त्यालाही हसायचं त्राण नव्हतं, नुसतं म्हणायचो.

पाचव्या दिवशी निघताना मी तिला म्हटलं, "रागावलीयस ना?"

ती वही बॅगेत भरत होती. "आत्ता नको ते. पेपर झाल्यावर रागावते. आत्ता जागा नाय डोक्यात."

पेपरला आमचं सेंटर कल्याणलाच होतं. श्वासाचं आलं नाही. हार्टची आतली रचना आली, आकृतीसकट, चार मार्कांना. मी प्रश्न बघितला आणि स्वतःचं लिहायचं सोडून दोन मिनिटं दाराकडे बघत बसले, ती दुसऱ्या वर्गात होती, तिला दिसलं असेल का, भिंतीत काय लिहील. मला वर्गावरच्या बाईंनी विचारलं, "काय हवंय? सप्लिमेंट?"

बाहेर आले तर शहाड आधीच उसाचा रस घेऊन उभा. मोहने सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, ओढणीने मान पुसत होती. मी काही विचारायच्या आधी ती माझ्यासमोर आली, माझा दंड धरला आणि जोरात चिमटा काढला. जोरात म्हणजे जोरात. दोन दिवस निळं होतं.

"आई गं!"

"काय आहे ते?"

"मसल," मी म्हटलं. डोळ्यात पाणी.

"दुखलं?"

"हो."

"बरं." तिने शहाडच्या हातातला रस घेतला, अर्धा पिऊन परत दिला आणि म्हणाली, "चला, मला झोप आलीय." आणि रिक्षा स्टँडकडे चालायला लागली. आम्ही तिच्या मागे.

एप्रिलमध्ये तिला मामांकडे जावंच लागलं. निकाल लागेपर्यंत घरी बसून काय करणार, असं घरच्यांचं म्हणणं. ती दिवसभर खोके चिकटवायची आणि रात्री ग्रुपवर नुसता एक थकलेला चेहरा टाकायची, तो पिवळा. मी रोज काहीतरी लांबलचक लिहायचे आणि पाठवायचे नाही. काय लिहिणार.

निकालाच्या दिवशी दुपारी सर्व्हर अडकलेला. माझे आले, शहाडचे आले, तिचे येईनात, कारण गोडाऊनमध्ये फोन बाहेर जमा करून घेतात. आम्ही दोघं ग्रुपवर तिची वाट बघत बसलो. शहाड दर पाच मिनिटांनी "?" टाकत होता. भाची माझ्या मांडीवर बसून फोनला चावत होती, आता तिला चार दात होते.

सव्वासहाला तिचा मेसेज आला. आधी स्क्रीनशॉट, तो आम्ही झूम करून बघेपर्यंत तिने खाली दोन शब्द टाकले.

"भिवंडी कॅन्सल."

मग लगेच अजून एक. "काकांकडून विहाराची चावी घेऊन ठेव. नर्सिंगचा फॉर्म इंग्लिशमध्ये आहे. तू वाच, मी भरणार."

मी टाईप केलं, "हो." एकच अक्षर. पाठवायच्या आधी ते दोनदा वाचलं.